मुदतीचा अर्ज

माझ्या नवऱ्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. एखाद्यानं तरी म्हणावं ना, की रमाकांत मयेकर आळशी आहे, दारुडा आहे, लबाड आहे. मग मला पदर खोचून भांडता तरी येईल. पण नाही. ठाकूरद्वारच्या नाक्यावर कोणालाही विचारा, "मयेकर ना? अहो, देवमाणूस!" असंच ऐकाल. आणि ते खोटंही नाही, हीच तर पंचाईत आहे. त्या देवमाणसानं आमच्या लेकीचं, अनुजाचं, काय केलं, ते मी सांगते. मी सुभद्रा, त्यांची बायको. मी जरा तोंडाळ आहे, ते सांभाळून घ्या.

हे वकिलाचे कारकून. फोर्टात नाबर वकिलांकडे छत्तीस वर्षं नोकरी, आधी मोठ्या नाबरांकडे, ते गेल्यावर त्यांच्या मुलाकडे, हितेंद्रसाहेबांकडे. वकिलाचा कारकून म्हणजे काय? वकील कोर्टात उभा राहून जे दहा मिनिटं बोलतो, त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं. कागदांना पेन्सिलीनं नंबर घालायचे, भोकं पाडून हिरव्या नाडीत ओवायचे, कोर्टाच्या बोर्डावर आपली केस कितवी आहे ते बघून यायचं. साहेबांच्या गळ्यातले पांढरे बँडसुद्धा आमच्या घरी धुतले जायचे. माझ्या सुती साड्यांच्या स्टार्चमध्येच मी ते बुडवायचे. मोठे नाबर म्हणायचे, "मयेकर, तुमच्या मिसेसच्या स्टार्चनं माझी मान ताठ आहे." मला कोण आनंद व्हायचा तेव्हा!

पण यांचं खरं काम होतं तारखा घेणं. साहेबांची तयारी नाही, साक्षीदार आला नाही, कागद सापडत नाही, साहेब वरच्या कोर्टात अडकलेत, असं काहीही झालं की हे मुदतीचा अर्ज लिहायचे. तो न्यायाधीशांच्या खाली बसणाऱ्या कारकुनाच्या हातात द्यायचा, दोन शब्द गोड बोलायचे, पुढची तारीख घ्यायची आणि यायचं. कुठल्या कोर्टातला कारकून चहानंतर खुशीत असतो आणि कुठल्याला मुलाची चौकशी केलेली आवडते, सगळं यांना पाठ. यांचा मुदतीचा अर्ज कधी परत आला नाही, अशी ख्याती होती फोर्टात. दुसऱ्या वकिलांचे कारकून अर्ज लिहून घ्यायला यांच्याकडे यायचे.

त्या कामातून यांना दोन सवयी लागल्या. एक म्हणजे शेवटच्या तारखेची भीतीच गेली. यांच्या लेखी शेवटची तारीख म्हणजे पहिली सूचना. आणि दुसरी सवय पक्षकारांशी बोलण्याची. कोकणातून कोणी म्हातारा जमिनीच्या केसपायी हातात पिशवी घेऊन यायचा, तोंड सुकलेलं. त्याला 'अजून झालं नाही' कसं सांगायचं? मग हे म्हणायचे, "आजोबा, झालंच समजा." तेवढ्या शब्दांवर तो म्हातारा निवांत गावाला जायचा. यात खोटं बोलायचा हेतू नसायचा हो. समोरच्याचा जीव भांड्यात पडावा, एवढंच. फक्त ती सवय घरीही आली. मोरीचा नळ गळतोय, प्लंबरला सांगा म्हटलं, तर "झालंच समज." दोन वर्षं तो नळ झालंच समज म्हणत गळत होता. मी वैतागायचे, अनुजा हसायची.

यांना स्वतःला वकील व्हायचं होतं. बी.ए. झाल्यावर सकाळच्या लॉ कॉलेजचा फॉर्मसुद्धा आणला होता. मोठे नाबर म्हणाले, यंदा कामाचा फार व्याप आहे, पुढच्या वर्षी बघा. पुढच्या वर्षी सासरे गेले. त्याच्या पुढच्या वर्षी आमचं लग्न. मग तो फॉर्म पिवळा पडला आणि एका दिवाळीच्या साफसफाईत मीच तो रद्दीत घातला. मला काय माहीत तो काय आहे!

अनुजा आमची एकुलती एक. सहा वर्षांची असताना हे तिला सुट्टीत ऑफिसला घेऊन गेले, तर पोरगी सरळ जाऊन नाबरांच्या खुर्चीत बसली. मोठे नाबर दारातून म्हणाले, "काय गं, चेंबर हवंय का तुला?" ही म्हणाली, "हो, पण पंखा मोठा लावा." ती गोष्ट हे पुढे पंधरा वर्षं सांगत होते, वाडीत, लग्नांत, गावच्या जत्रेत, ज्याला ऐकायची नाही त्यालाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तिनं जाहीर केलं की बी.ए. झालं की लॉ करणार, त्याची प्रवेश परीक्षा देणार, आणि समुद्राकडच्या त्या जुन्या दगडी कॉलेजातच जाणार. यांनी त्या दिवशी आनंदाच्या भरात जेवणानंतर दोनदा विचारलं, "आज जेवलो का गं आपण?"

मराठी शाळेतली पोरगी. परीक्षा मराठीतून देता येत होती, पण पुढे कोर्टात इंग्रजीच लागणार, म्हणून हे ऑफिसातून निकालपत्रांच्या उरलेल्या झेरॉक्स आणायचे. सकाळी दाढी करता करता हे शब्द विचारायचे, ती गॅलरीत दात घासता घासता अर्थ सांगायची. शेजारच्यांना वाटायचं बापलेक भांडतायत. दुपारी कॉलेज सुटलं की ती दादरला माझ्याकडे यायची. मी तिथे साडीच्या दुकानात काउंटरला असते. दुकानाच्या मागे माल ठेवायची खोली आहे, थंडगार. मालकीणबाई भल्या, म्हणाल्या बसू दे मुलीला. पैठण्यांच्या खोक्यांच्या थप्प्यांमध्ये स्टूल टाकून ही रोज तीन तास सराव परीक्षा सोडवायची. घड्याळ लावून.

गिऱ्हाईक नसलं की मी आत डोकावायचे. मग ती मला प्रश्न घालायची.

"आई, ऐक. एकाचं कुत्रं हरवलं. त्यानं बक्षीस जाहीर केलं. दुसऱ्याला ते कुत्रं सापडलं, त्यानं आणून दिलं, पण बक्षिसाचं त्याला माहीतच नव्हतं. नंतर कळलं. तर त्याला बक्षीस मिळेल?"

"न मिळायला काय झालं? आणून दिलं ना मेल्यानं कुत्रं?"

"नाही मिळणार. नियम असा दिलाय की जाहिरात माहीत असूनच ते काम केलेलं हवं."

"मग तो नियम चुकीचा आहे."

"असेल गं आई. पण या परीक्षेत तसं नसतं. नियम जसा दिलाय तसाच लावायचा. आपलं मत मधे आणायचं नाही."

तिच्याबरोबरच मेघना म्हणून एक मैत्रीण अभ्यास करायची, परळची. दोघी एकमेकींचे पेपर तपासायच्या आणि चुका निघाल्या की एकमेकींना शिव्या घालायच्या. वर्षभर ना सिनेमा, ना गरबा, ना माझ्या भाच्याचं लग्न. गणपतीत गावी गेलो तर ही मखराशेजारी बसून राज्यघटना वाचतेय. माझी जाऊ म्हणाली, "गो, चेडू देवाक तरी बघतला की नाय?" अनुजा म्हणाली, "काकी, देव पास करणार असेल तर सांगा, मी आत्ता पुस्तक मिटते."

परीक्षा झाली. निकाल लागला. सत्त्याण्णवच्या वर पर्सेंटाइल! मला त्यातलं काही कळत नाही, पण यांचा चेहरा बघून कळलं. हे उठले, देवापुढे साखर ठेवली, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात मला ऐकू येत नाही असं यांना वाटत असेल, म्हणून मी आपली कणीक मळत राहिले. दुसऱ्या दिवशी हितेंद्रसाहेबांनी एक पिशवी पाठवली. आत मोठ्या नाबरांचा जुना काळा गाऊन. चिठ्ठी होती, 'अनुजासाठी. तीन वर्षांनी लागेल.' मी तो डांबरगोळ्या घालून कपाटात वरच्या खणात ठेवला.

मग सुरू झालं ते फॉर्मचं. सगळं ऑनलाइन. नोंदणीची शेवटची तारीख आली, तेव्हा अनुजा पहाटेपासून फोन घेऊन बसलेली, कुठला तरी कागद वेबसाइटवर चढत नव्हता. हे म्हणाले, "घाई कशाला करतेस? वाढेल तारीख." आणि खरंच वाढली. संध्याकाळी नोटीस लागली. आठवड्यानं पुन्हा शेवटची तारीख आली, पुन्हा वाढली. हे खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बघितलंस? छत्तीस वर्षं उगाच नाही काढली." आम्ही तिघंही हसलो. मीही हसले, ते मला आजही डाचतं.

आता तो दाखला. आम्ही भंडारी. आमच्या मुलांना काही जागा राखीव असतात, पण घरचं उत्पन्न मर्यादेत आहे असा एक दाखला त्यासाठी लागतो आणि तो मुदत संपली की नवा काढावा लागतो. आमचा मार्चअखेर संपला होता. अनुजा म्हणाली, "बाबा, मी जाऊन अर्ज देते." यांना ते अपमानासारखं वाटलं. "तू कशाला? माझं आयुष्य सरकारी खिडक्यांपुढे गेलंय. तू मेरिट सांभाळ, कागद मी सांभाळतो." यांनी अर्ज दिला, पावती आणली. पावती चढवून तिचा फॉर्म गेला. मूळ दाखला नंतर चालणार होता.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी, पहिली यादी लागली. अनुजा दुकानातच होती. मागच्या खोलीतून तिची किंकाळी आली, मला वाटलं खोके अंगावर पडले. पळत गेले तर ही फोन छातीशी धरून खाली बसलेली. "आई, तेच कॉलेज! तेच, आई!" मालकीणबाईंनी समोरच्या दुकानातून पेढे मागवले, गिऱ्हाइकांनाही दिले. यादीखाली लिहिलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मूळ दाखला चढवून जागा पक्की करावी, नाहीतर उमेदवार खुल्या गटात धरला जाईल. खुल्या गटात तिचा नंबर त्या कॉलेजला लागत नव्हता, दुसऱ्या कुठल्या परवडणाऱ्या कॉलेजलाही लागत नव्हता. ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि यांना तर आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

सोमवारी रात्री जेवताना तिनं विचारलं, "बाबा, दाखला?"

"झालंच समज."

बुधवारी पुन्हा विचारलं. "झालंच समज गं. माणूस ओळखीचा आहे खिडकीवरचा."

शुक्रवारी सकाळी हे बॅग भरत होते, मी डबा देत होते. मी म्हटलं, "अहो, तो दाखला आज..." हे म्हणाले, "साहेबांची एक तारीख घ्यायचीय आज, ती घेऊन तिथूनच जातो. आणि अगं, संध्याकाळी नोटीस लागेल बघ, आठ दिवस वाढवल्याची. दोनदा वाढली की नाही?"

मी, जी कोथिंबिरीच्या एका जुडीवरून भाजीवाल्याचं डोकं खाते, मी त्या दिवशी गप्प बसले. दुकानात श्रावणाचा सेल होता, मला नऊ-चाळीसला निघायचं होतं. म्हटलं, यांना कळतं. कोर्टातलं माणूस आहे. तेवढं एकदा मी चपला काढून घरात परत आले असते आणि म्हटलं असतं की आधी दाखला दाखवा, मग पुढे जा! जन्मभर नको तिथे तोंड चालवलं आणि जिथे चालवायचं तिथे गिळून बसले.

दुपारी दोनला अनुजा दुकानात आली. दर दहा मिनिटांनी यांना फोन. कोर्टात बसले की यांचा फोन बंद असतो. तीन वाजले, साडेतीन वाजले. ती उठली. म्हणाली, "आई, मी फोर्टातच जाते. दाखल्याच्या ऑफिसातच बघते." मी म्हटलं टॅक्सीनं जा. पदराची गाठ सोडून पैसे दिले.

तिथे काय झालं ते तिनं मला नंतर एकदाच सांगितलं. खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी अर्ज काढून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हा अर्ज अपुरा आहे. तुझ्या वडिलांचं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं राहिलंय. त्यांना तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं, एक कागद आणून द्या, दोन दिवसांत दाखला नेऊन जा. ते आलेच नाहीत." तोपर्यंत सव्वाचार वाजलेले. अनुजानं विचारलं, आत्ता आणून दिला तर? बाई म्हणाल्या, आत्ता दिलास तरी सोमवारी मिळेल. त्यांनी तिला पाणी दिलं, बाकावर बसायला सांगितलं. पाच वाजता फोनवर दाखला चढवायची सोय बंद झाली, तेव्हा ती त्या बाकावरच होती.

मी घरी पोचले तेव्हा ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी कुकर चढवला. साडेसहाला हे आले, अगदी खुशीत. "मिळाली तारीख! दीड महिना दिला. साहेब म्हणाले, मयेकर, तुम्ही जादूगार आहात." मग आमच्याकडे बघून विचारलं, "नोटीस लागली का?"

अनुजा म्हणाली, "नाही लागली, बाबा."

"लागेल. सातपर्यंत लागते."

सात वाजले. साडेसात वाजले. हे चष्मा पुसून पुसून तिचा फोन बघत होते. मी डबा काढायला यांची बॅग उघडली. आत एक कागद होता. प्रतिज्ञापत्र. टाइप केलेलं, सही केलेलं, पानांना पेन्सिलीनं नंबर घातलेले, हिरव्या नाडीत सुबक ओवलेलं. सहीखाली तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे कागद तयार होता हो! तीन आठवडे तो यांच्याबरोबर रोज फोर्टात जात होता आणि डब्याबरोबर घरी परत येत होता. दाखल्याची खिडकी यांच्या ऑफिसपासून सात मिनिटांवर.

मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. वाडीतली माणसं गॅलरीत आली, एवढं आठवतं. "दुसऱ्याच्या तारखांसाठी जन्म घालवलात, पोटच्या पोरीची एक तारीख नाही पाळता आली!" हे म्हटल्याचं आठवतं. हे उभे होते, बॅगेचा पट्टा हातात धरून. एकच वाक्य बोलले, "अगं, वेळ होता." आणि मग तेच पुन्हा, अगदी हळू, स्वतःशीच. "वेळ होता."

अनुजा उठली, माझ्या हातातून तो कागद घेतला आणि बॅगेत जिथे होता तिथे ठेवला. "आई, पुरे. नियम जसा दिलाय तसाच लावतात." तेव्हाही ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

यांनी मग स्वतःच्या हातानं एक अर्ज लिहिला. विनंती करण्यात येते की विलंब माफ करून दोन दिवसांची मुदत द्यावी. तीन वेळा लिहिला, दोनदा फाडला. हितेंद्रसाहेब स्वतः वाचून म्हणाले, याच्यापेक्षा चांगला मलाही लिहिता येणार नाही. इस्त्रीचा शर्ट घालून हे प्रवेशाच्या ऑफिसात गेले. त्यांनी अर्ज वाचला, सभ्यपणे वाचला, आणि सांगितलं की आधी मुदत दोनदा दिली होती, आता जागा पुढच्या मुलाला गेली. छत्तीस वर्षांत यांचा मुदतीचा अर्ज पहिल्यांदा परत आला. तो एकच यांनी स्वतःच्या घरासाठी केला होता.

त्यानंतर हे कोर्टात गेले, नाही असं नाही. आठ-दहा दिवस गेले. मग एक दिवस साहेबांच्या कुठल्या तरी केसमध्ये मुदत मागायची होती. हे अर्ज घेऊन त्या कारकुनापुढे उभे राहिले. तो ओळखीचाच, म्हणाला, "बोला मयेकर, किती हवी?" यांच्या तोंडून शब्द फुटेना. हातातला कागद खाली पडला. लोकांनी धरून बाकावर बसवलं आणि टॅक्सीत घालून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले ब्लडप्रेशर. मला माहीत होतं कसलं ब्लडप्रेशर ते. तेव्हापासून हे गॅलरीतल्या खुर्चीत असतात. माझा राग कुठे गेला कोण जाणे. ज्याच्यावर ओरडायचं तोच माणूस असा रिकामा होऊन समोर बसला, तर ओरडणार तरी कोणावर? आता मी यांना भात कालवून देते आणि स्वतःशी बडबडते.

महिन्याभरानं हितेंद्रसाहेब घरी आले. भला माणूस, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "अनुजाला वर्षभर माझ्याकडे येऊ दे. मयेकरांचं काम बघेल, कोर्ट बघेल, शिकेल. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देईलच." माझ्या एकटीच्या पगारात घर चालणार नव्हतं. अनुजा म्हणाली, "येते सर."

पहिल्या दिवशी यांनीच बॅग भरून दिली. हिरव्या नाड्यांची गुंडाळी, पंच, पेन्सिल. साहेबांचे बँड मी स्टार्च करून ठेवले होते, ते वर्तमानपत्रात गुंडाळून घातले. वकिलाचा गाऊन घालायला निघालेली माझी पोरगी दुसऱ्याचे बँड बॅगेत घालून निघाली. यांनी तिला सांगितलं, "तारीख मागताना आवाज खाली ठेव. घाई आहे असं दाखवायचं नाही." ती "हो बाबा" म्हणाली आणि जिना उतरली. मी गॅस मोठा करून भांडी आपटत राहिले.

ती चांगली निघाली त्या कामात. फार चांगली. चार महिन्यांत सगळ्या कोर्टांतले कारकून तिला नावानं ओळखायला लागले. साहेब फोनवर मला म्हणाले, "मिसेस मयेकर, पोरगी बापाच्याही वरताण आहे. तिचा एक अर्ज परत येत नाही." ते कौतुक करत होते आणि मी फोन कानाला धरून कपाटाच्या वरच्या खणाकडे बघत होते. मेघनाला दुसरं कॉलेज मिळालं होतं. ती अधूनमधून नोट्स पाठवायची, परीक्षेची नवीन पुस्तकं पाठवायची. ती पुस्तकं कॉटखाली गेली. एकदा मेघना घरी आली, तर ही तिला दोन तास कोर्टातले किस्से सांगत बसली, हसवून हसवून. जाताना मेघना दारात मला हळूच म्हणाली, "काकू, ती अभ्यास करत नाहीये का?" मी म्हटलं, करेल.

या खेपेला मी कोणावर विसंबले नाही. दुकानातून दोन दिवस रजा काढली, यांना टॅक्सीत घातलं, त्या खिडकीवर नेऊन सही करायला लावली. दाखला स्वतः हातात घेतला. त्याच बाई होत्या, ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, "मुलीला सांगा, या वर्षी नक्की." घरी येऊन तो मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला, मोठ्या नाबरांच्या गाऊनवर. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुकानातल्या लाल खडूनं गोल करून ठेवली. मंगळवार होता.

त्याच्या आधीचा रविवार. दुपारची वेळ. हे गॅलरीत खुर्चीत, पेपर मांडीवर. अनुजा आत लादीवर पाय पसरून साहेबांच्या फायली ओवत होती. एक हिरवी नाडी दातांत धरलेली, दुसरी हातात. अगदी यांच्यासारखी. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "अनू, फॉर्म भरलास का गं? मंगळवार शेवटचा."

तिनं दातातली नाडी काढली. वर बघितलंही नाही.

"वाढते गं आई तारीख. झालंच समज."

गॅलरीतला पेपर खाली पडला. हे उठले. किती महिन्यांनी असे झटक्यात उठले असतील. आत आले, भिंतीला धरत खाली बसले, तिच्या समोर, फायलींच्या पलीकडे. आणि यांनी तिच्यापुढे दोन्ही हात जोडले. बापानं, लेकीपुढे.

"अनू, भर गं. माझ्यासारखं नको करूस. भर."

अनुजा दचकली. मग हसली, म्हाताऱ्या माणसाला समजवावं तसं. "अहो बाबा, काय हे, उठा बघू. पाय दुखतील. उद्या साहेबांचं मॅटर आहे, तेवढं होऊ दे." तिनं यांना दंडाला धरून उठवलं, खुर्चीत बसवलं, पेपर उचलून हातात दिला. आणि परत येऊन पुढचा कागद भोकात घातला.

मंगळवार गेला. संध्याकाळी नोटीस लागली. यंदा तारीख वाढली, बरं का, आठ दिवसांनी. ते आठही दिवस मी तिला विचारलं. कधी गोड बोलून, कधी ओरडून, एकदा रडून. रोज तिनं तेच सांगितलं. तेही आठ दिवस गेले.

दाखला कपाटात आहे, गाऊनवर. त्याची मुदत अजून दोन वर्षं आहे.